लाखेवर कोरलेली तीन मिनिटं

पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा किडा हजारोंनी चिकटून बसतो, फांदीतला रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच चढवत राहतो. छोटा नागपूरच्या जंगलातले लोक त्या फांद्या तोडून ते कवच खरवडतात. वितळवून, गाळून, पापुद्र्यासारखं पातळ ताणलं की झाली लाख. सुतार ती पॉलिशला वापरतात, सोनार पोकळ दागिन्यांत भरतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र तिचं एक मोठं गिऱ्हाईक वेगळंच होतं: ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्या. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळायची, गरम लगदा साच्यात दाबायचा, की काळी चकचकीत तबकडी तयार. जगाला लागणारी बहुतेक लाख तेव्हा भारतातून जायची. म्हणजे मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या एखाद्या माणसाचा १९२९ सालचा आवाज आज आपल्या कानावर पडतो, तो बहुधा आपल्याकडच्या जंगलातून गेलेल्या लाखेवर कोरलेला असतो.

त्या तबकडीची शिस्त कडक होती. व्यास १० इंच, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आपल्याकडच्या गवयांनी तेवढ्यात राग बसवला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी तेवढ्यात ब्लूज बसवला, एरवी शनिवारी रात्री गावाबाहेरच्या दारूच्या गुत्त्यात नाचणाऱ्यांचे पाय थकेपर्यंत चालणारा ब्लूज. एकेक गाणं सुटं निघायचं, सुटं विकलं जायचं. लाँग प्ले तबकडी अमेरिकेत बाजारात आली ती १९४८ साली. तोवर या संगीतातले निम्मे थोर लोक मेले होते किंवा गिटार खुंटीला टांगून शेतात परतले होते.

म्हणून ‘संग्रही असायलाच हवेत असे ब्लूजचे अल्बम कोणते’ असं कुणी विचारलं की जरा पंचाईत होते. त्यातले अर्धे अल्बम कलावंतांनी केलेलेच नाहीत. जुन्या बाजारात, लोकांच्या माळ्यांवर, पडव्यांमध्ये तबकड्या हुडकत फिरणाऱ्या वेड्या माणसांनी ते मागाहून जुळवले. ब्लूजचा संग्रह करणं म्हणजे आधी कुणीतरी केलेल्या संग्रहाचे ऋणी होणं.

थोडं सांगाड्याबद्दल बोलायला हवं, कारण तो इतका साधा आहे की पुढचं सगळं चमत्कारच वाटावं. चार मात्रांचा एक बार, असे १२ बार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. त्यात ओळी तीन. पहिली ओळ षड्जाच्या कॉर्डवर. मग तीच ओळ, तेच शब्द, पण खालचा कॉर्ड आता मध्यमाचा, त्यामुळे एकच तक्रार दुसऱ्यांदा निराळी ऐकू येते. तिसरी ओळ म्हणजे उत्तर, किंवा टोमणा: पंचमावर चढून मध्यमावरून पुन्हा षड्जाला. प्रत्येक ओळ आपल्या वाट्याच्या साधारण निम्म्या जागेत आटोपते आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. बस्स. एवढ्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं गात आहेत.

आणि एक स्वर. खालचा कॉर्ड शुद्ध गंधाराचा, पण गळा त्या गंधारावर बसत नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी घोटाळतो, वर सरकतो, पुन्हा खाली येतो. पेटीवर ही जागा नाही, पियानोवर नाही, गिटारच्या पडद्यांवरही नाही. तार बाजूला खेचावी लागते किंवा तारेवर चाकूची पाठ, बाटलीची मान असं काहीतरी घसरवावं लागतं. १९०३च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवाइलर नावाच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तरने एका फाटक्या माणसाला असाच चाकू तारेवर सरकवून गाताना ऐकलं, आणि असं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं असं पुढे लिहून ठेवलं. आपल्याला ते फारसं विचित्र वाटू नये. घरात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ असेल तर ब्रिजभूषण काबरांची गिटार ऐका. तारेवर धातू घसरवून काढलेली मींड कानाला आधीच ओळखीची आहे. संग्रह करायचा तो या मधल्या जागेचा. कोण तिथवर कसा पोचला, हे पाहत जायचं.

सगळ्यात लांबवर पोचलेला माणूस म्हणजे ब्लाइंड विली जॉन्सन, आणि गंमत म्हणजे तो ब्लूज गायक नव्हताच. टेक्सासच्या रस्त्यांवर देवाची गाणी गाणारा हा आंधळा माणूस. ३ डिसेंबर १९२७ला डॅलसमध्ये त्याने ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ ध्वनिमुद्रित केलं. गाण्यात शब्द नाहीत. नुसता हुंकार, आणि त्या हुंकारामागोमाग सरकणारी गिटार. काही क्षणी गळा कुठला आणि तार कुठली हेच उमगत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात हे गाणं निवडलं गेलं. त्या तबकडीवर त्याच्या अगदी आधी काय आहे, हे मला कळलं तेव्हा मी यादी पुन्हा तपासून पाहिली. आधी आहे ‘जात कहाँ हो’. भैरवी. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्येचा आवाज थांबतो आणि टेक्सासच्या फुटपाथवरचा हुंकार सुरू होतो. त्यानंतर बेथोव्हेन. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ला उडालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. विली जॉन्सन तर १९४५ सालीच गरिबीत मेला होता. यान आज पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. विली जॉन्सनची तीसच ध्वनिमुद्रणं आहेत, १९२७ ते १९३० मधली, आणि ती सगळी १९९३च्या ‘द कम्प्लीट ब्लाइंड विली जॉन्सन’ या दोन सीडींच्या संचात मिळतात. देवाची गाणी आहेत म्हणून ब्लूजच्या कप्प्यात ठेवायची की नाही, हा वाद घालत बसू नये.

पुरुष, एकटा, हातात गिटार, धुळीचा रस्ता: ब्लूजचं हे चित्र नंतर रंगवलं गेलं. ध्वनिमुद्रित ब्लूज सुरू झाला तो बायकांच्या आवाजात. ऑगस्ट १९२०मध्ये न्यूयॉर्कला मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायलं, तबकड्या धडाधड खपल्या आणि कंपन्यांना साक्षात्कार झाला की कृष्णवर्णीय लोकही पैसे मोजून तबकड्या घेतात. तीन वर्षांनी बेसी स्मिथ आली आणि मग बाकीच्यांचं काही चाललं नाही. तिचं १४ जानेवारी १९२५चं ‘सेंट लुइस ब्लूज’ घ्या. मायक्रोफोन अजून स्टुडिओत आलेला नाही. बेसी भल्यामोठ्या कर्ण्यापुढे उभी राहून गाते आहे. बाजूला कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, आणि साथीला (इथे मराठी वाचक दचकतो) पेटी. फ्रेड लाँगशॉ नावाचा माणूस हार्मोनियमवर लांब, संथ सूर धरून बसला आहे. पेटीला जी जागा देता येत नाही नेमक्या त्याच जागेवर बेसीचा गळा रेंगाळतो, आणि दोन्हींच्या घासण्यातून जे निघतं ते ऐकताना वाटतं, याहून आधुनिक काही कुणी केलं आहे का? ‘द एसेन्शियल बेसी स्मिथ’ हा दोन सीडींचा संच पुरेसा आहे. पुरेसा म्हणजे सुरुवातीला.

खेड्यातल्या पुरुषांकडे कंपन्या वळल्या त्यानंतर. विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनवणारी एक कंपनी होती. ती ग्रामोफोन ठेवायची लाकडी कपाटंही बनवू लागली, आणि कपाटं खपायची तर वाजवायला काही हवं म्हणून तबकड्या काढू लागली. ही पॅरामाउंट. सिनेमावाल्या पॅरामाउंटशी हिचा संबंध नाही. या फर्निचरवाल्यांना ब्लूजचं प्रेम असण्याचं काहीच कारण नव्हतं. ध्वनिमुद्रण खडबडीत, तबकडीचा माल हलका. पण मिसिसिपी डेल्टातल्या ब्लूजचा पाया घालणारा चार्ली पॅटन, त्याचा सोबती सन हाउस, चिरक्या आवाजाचा विलक्षण स्किप जेम्स हे आज आपल्याला ऐकू येतात ते या खुर्चीवाल्यांमुळे. मंदीत कंपनी बुडाली. मूळ धातूचे साचे बहुतेक भंगारात गेले. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकेत लाखेची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी जुन्या तबकड्या वितळवायला देऊन टाकल्या. पॅटनचा आवाज उरला तो झिजलेल्या, ओरखडलेल्या, मोजक्या प्रतींवर. २००१ साली त्याच्यासाठी सात सीडींची एक राजेशाही पेटी निघाली, ‘स्क्रीमिन अँड हॉलरिन द ब्लूज’. ऐकताना आधी पावसासारखी खरखर ऐकू येते, मग पावसामागे कुणीतरी घसा फोडून गातंय हे कळतं. हे पहिल्या दिवशी ऐकायचं काम नव्हे.

आता रॉबर्ट जॉन्सन. याच्यावर इतकं लिहिलं गेलंय की गाण्यापर्यंत पोचायला दंतकथांचा ढिगारा उपसावा लागतो. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटार शिकला ही कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितली होती, ती मागाहून रॉबर्टला चिकटली. खरी हकीकत मला जास्त आवडते. सन हाउसला आठवत होतं की हा पोरगा मैफलीच्या मधल्या वेळात गिटार उचलायचा आणि लोक कावून म्हणायचे, काढून घ्या त्याच्या हातून. पोरगा गावाकडे निघून गेला, आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे शिकला, रात्री कबरस्तानात बसून रियाज केला, कारण तिथे तक्रार करायला कुणी नसतं. परत आला तेव्हा ऐकणाऱ्यांची तोंडं उघडी राहिली. सैतानाची कथा निघाली ती रियाजावर विश्वास बसत नाही म्हणून. आपल्याला यात नवल नाही. आपल्याकडेही एखाद्याच्या तयारीला सिद्धी म्हणून टाकतात.

नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओतल्या गंटर हॉटेलात आणि जून १९३७मध्ये डॅलसला, अशा दोनच खेपांत त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. ऑगस्ट १९३८मध्ये तो मेला, वय २७. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड हे निर्माते कृष्णवर्णीय संगीताचा मोठा जलसा करत होते. त्यांनी जॉन्सनला बोलावणं धाडलं तेव्हा तो गेल्याची बातमी आली. हॅमंडनी रंगमंचावर ग्रामोफोन ठेवून त्याच्या दोन तबकड्या वाजवल्या. कार्नेगी हॉलमधले श्रोते एका यंत्राकडे पाहत बसलेत, हे दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही.

आपण घ्यायचा तो अल्बम त्यानंतर २३ वर्षांनी आला: ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’, कोलंबिया, १९६१. सोळा गाणी. मुखपृष्ठावर चित्र आहे, वरून पाहिलेला एक माणूस गिटारवर वाकलेला, चेहरा दिसत नाही. कारण त्याचं छायाचित्रच तेव्हा प्रकाशकांच्या हाती नव्हतं. हा अल्बम इंग्लंडमधल्या पोरांच्या हाती पडला आणि एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांची आयुष्यं वळली. रिचर्ड्सला पहिल्यांदा ऐकताना प्रश्न पडला होता की दुसरा गिटारवाला कोण? दुसरा कुणी नाही. अंगठा खालच्या तारांवर पियानोच्या डाव्या हातासारखा चालतो, बोटं वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देतात, मधे कॉर्ड पडतात, आणि या सगळ्यावर हा माणूस गातोय, तेही वेगळ्याच वजनाने. खरखर आहे, पण तिसऱ्या गाण्यापर्यंत ती कानाबाहेर जाते. १९९०मध्ये ‘द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज’ निघाला. त्यात प्रत्येक उपलब्ध प्रयत्न आहे, एकेका गाण्याचे दोन-दोन. अभ्यासाला तो उत्तम, ऐकायला मात्र १९६१चाच. तेच गाणं लागोपाठ दोनदा ऐकलं की जादू पातळ होते.

मिसिसिपी जॉन हर्टबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतःही थोडक्यात आणि हळू आवाजात बोलायचा. १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली, ती खपली नाहीत, आणि हर्ट शेतावर परतला. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने त्याच्या ‘अ‍ॅव्हॅलॉन ब्लूज’ या गाण्यात गावाचं नाव ऐकलं, एका जुन्या नकाशात ते गाव शोधलं आणि गाडी काढून गेला. म्हातारा तिथेच होता, बोटं शाबूत. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवत होता. १९६६चा ‘टुडे!’ घ्या आणि जमलं तर १९२८ची ध्वनिमुद्रणंही. मधे ३५हून जास्त वर्षं गेलीत हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. ब्लूज म्हणजे रडगाणं असा कुणाचा ग्रह असेल त्याला हा अल्बम भेट द्यावा.

मग वीज आली. ऑगस्ट १९४१मध्ये लोकगीतं टिपत फिरणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन वर्क (यांचं नाव पुढे बरंच मागे पडलं, ते गोरे नव्हते) क्लार्क्सडेलजवळच्या स्टोवल मळ्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेले. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाच्या तरुणाचं गाणं त्यांनी टिपलं आणि त्याला लगेच ऐकवलं. त्याने आपला आवाज आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकला, आणि आपण तबकड्यांवरच्या लोकांइतकेच चांगले आहोत हे त्याला कळून चुकलं. दोन वर्षांनी त्याने शिकागोची गाडी धरली. हा मडी वॉटर्स. त्या काळात लाखो कृष्णवर्णीय दक्षिणेकडून उत्तरेच्या कारखान्यांकडे जात होते. मडी हा त्यांतलाच एक.

शिकागोच्या दारूच्या दुकानांत गलका इतका की साधी गिटार कुणाला ऐकू येणार? म्हणून इलेक्ट्रिक गिटार. ती नुसती मोठ्याने वाजत नव्हती. अँप्लिफायर ताणला की सूर फाटतो, रेंगाळतो, आणि त्या मधल्या गंधाराला आता एक धार येते. पोलंडहून आलेल्या लेनर्ड आणि फिल चेस या भावांच्या कंपनीने मडीच्या सुट्या तबकड्या काढल्या. १९४८मध्ये पहिल्या गाजलेल्या तबकडीच्या प्रती दिवसभरात संपल्या. १९५८चा ‘द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स’ हा अशाच बारा तबकड्यांचा संग्रह आहे. ‘बेस्ट ऑफ’ म्हटलं की रसिक नाकं मुरडतात, पण इथे तोच मूळ अल्बम समजायचा. त्यातलं ‘हूची कूची मॅन’ मुद्दाम ऐका. सगळा वाद्यमेळ एक ठोका देऊन गप्प होतो, त्या शांततेत मडी एक वाक्य टाकतो, पुन्हा ठोका. लेखक विली डिक्सनने या थांब्यांसाठी आवर्तन १२चं १६ बारांचं करून टाकलं. नियम मोडल्याचं ऐकणाऱ्याला कळतही नाही.

मडीच्या मागे माउथऑर्गन वाजवणाऱ्या लिटल वॉल्टरने स्वस्तातला मायक्रोफोन आणि वाद्य दोन्ही एकाच मुठीत दाबून धरलं आणि तार गिटारच्या अँप्लिफायरला जोडली. आत गेलेली फुंकर सॅक्सोफोन होऊन बाहेर आली. १९५२चं त्याचं ‘जूक’ हे शब्दांविनाचं वाद्यगीत आठ आठवडे अव्वल राहिलं. याच कंपनीत मडीचा प्रतिस्पर्धी होता: हाउलिन वुल्फ, चांगला सहा फुटांवर उंच, वखारीसारखा देह, चार्ली पॅटनकडे शिकलेला. त्याच्या आवाजाचं वर्णन करायला जाऊ नये. ‘मोनिन इन द मूनलाइट’ (१९५९) आणि मुखपृष्ठावर झुलती खुर्ची असलेला १९६२चा अल्बम, दोन्ही घ्यावेत. अनेकदा एकाच सीडीवर मिळतात. ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’मध्ये कॉर्ड बदलतच नाही. एकाच षड्जावर सगळं उभं आहे, आणि तरी जागेवरून हलवत नाही.

इथवर जे आले ते जवळजवळ सगळे सुट्या तबकड्यांचे संग्रह. शिकागोच्या ब्लूजवाल्यांनी अल्बम म्हणून केलेल्या सुरुवातीच्या अल्बमांपैकी एक घडला सप्टेंबर १९६५मध्ये, आणि तो घडला एका दुकानदारामुळे. बॉब केस्टर हा जॅझ तबकड्यांचं दुकान चालवणारा माणूस. डेलमार्क नावाची छोटी कंपनी त्याचीच. त्याने ज्युनिअर वेल्स या गायकाला सांगितलं की ज्यूकबॉक्ससाठी तीन मिनिटांत गुंडाळायची गरज नाही, क्लबात रोज रात्री जे वाजवता तेच इथे वाजवा. चार माणसं, पियानो नाही, पितळी वाद्यं नाहीत. मधेच गिटारवाल्याचा अँप्लिफायर बिघडला. स्टुडिओत हॅमंड ऑर्गनचा फिरता स्पीकर पडला होता, गिटार त्यालाच जोडली. म्हणून काही गाण्यांत तिचा सूर पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. बिघाडातून आलेला हा रंग अल्बमची ओळख होऊन बसला. गिटारवाला दुसऱ्या कंपनीशी बांधलेला असावा असा समज होता, म्हणून सुरुवातीच्या प्रतींवर त्याचं नाव छापलं ‘फ्रेंडली चॅप’. तो बडी गाय. अल्बमचं नाव ‘हूडू मॅन ब्लूज’. वेल्स गातो कमी आणि कुजबुजतो, चुकचुकतो, जिभेने टक् करतो जास्त. ड्रम आणि बेस कमालीचे हलके. चाळीसेक मिनिटांत एक अख्खी रात्र. माझ्या मते ब्लूजमध्ये याहून नेटकं काम झालेलं नाही, आणि या मतावर भांडायला मी तयार आहे.

हाच बडी गाय फेब्रुवारी २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये वाजवून गेला, तेव्हा तो ७४ वर्षांचा होता.

प्रत्यक्ष मैफलीचा एकच अल्बम ठेवायचा तर बी. बी. किंगचा ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’. २१ नोव्हेंबर १९६४, शिकागोचं रीगल थिएटर. यात दोन वादक आहेत: एक किंगची टोळी, दुसरा श्रोतृवर्ग. किंगच्या नात्यातला बुक्का व्हाइट तारेवर धातू घसरवण्यात पटाईत होता. किंगला ते काही जमेना. म्हणून त्याने नुसत्या बोटानेच तार थरथरवून तो परिणाम साधायची खटपट केली, आणि त्यातून असा कंप घडला की एक सूर ऐकला तरी माणूस ओळखू येतो. गाताना तो गिटार वाजवत नाही. गळा थांबला की गिटार उत्तर देते. एका गाण्यात संसारातली गाऱ्हाणी चढत्या क्रमाने येतात आणि शेवटच्या गाऱ्हाण्यावर बायकांचा जो कल्लोळ उठतो, तो आपल्याकडच्या लावणीच्या फडातल्या शिट्ट्यांच्या तोडीचा.

बाकीचं भराभर. अल्बर्ट किंगचा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ (१९६७): डावखुरा माणूस, उजव्या हाताची गिटार उलटी धरलेली, त्यामुळे इतर ज्या तारा ढकलतात त्या हा खाली ओढतो, आणि मींड अडीच-अडीच स्वरांची. जॉन ली हुकरची डेट्रॉइटमधली ध्वनिमुद्रणं: १९४८च्या ‘बूगी चिलन’साठी त्याच्या बुटांखाली फळी ठेवली, कारण ताल त्याच्या पायातच होता. बारा बार मोजायच्या फंदात हुकर पडत नाही, वाक्य संपेल तेव्हा आवर्तन संपतं. साथीदारांचे हाल. फ्रेड मॅकडॉवेलचा १९६९चा ‘आय डू नॉट प्ले नो रॉक ’न’ रोल’ आणि ज्युनिअर किम्ब्रोचा १९९२चा ‘ऑल नाइट लाँग’: हे मिसिसिपीच्या टेकड्यांतले, एका कॉर्डवर घुमत राहणारे, झिंग आणणारे. आणि इथून थेट मालीतल्या अली फार्का तूरे याचा ‘टॉकिंग टिंबक्टू’ (१९९४). त्यात सोबत राय कूडर आहे. हाच कूडर १९९३च्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’मध्ये विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेसमोर बसला होता. ब्लूजच्या कप्प्यात हे शेवटचे दोन बसत नाहीत असं दुकानदार म्हणेल. म्हणू द्या.

एक व्यवहारातली गोष्ट. जाणकार लोक नवख्याला रॉबर्ट जॉन्सन किंवा पॅटन हातात देतात, मूळ तिथे आहे म्हणून. त्याने नवखा बिचकतो. साधारण उलट्या काळाने जावं. आधी रीगलमधली मैफल, कारण तिथे कसं ऐकायचं हे श्रोतेच शिकवतात. मग ‘हूडू मॅन’. मग मडी आणि वुल्फ. कानाला मधला गंधार सवयीचा झाला की बेसीची पेटी, जॉन हर्ट, आणि मग १९६१ची ती सोळा गाणी, रात्री, हेडफोन लावून. पॅटनची पेटी महाग आहे. तिच्यासाठी घाई नको, तोवर खरखरीतून माणूस शोधायची सवय आपोआप लागलेली असते.